दुय्यमचा शिक्का

काटाबाईंनी मोजा लाकडी पायावरून सोलून काढला, झटकला आणि पुन्हा चढवला. टाच टाचेवर बसवली, घोट्यापाशी पडलेली घडी अंगठ्याने वर सारली, वरचा पट्टा गुडघ्याखालच्या खुणेला नेमका टेकवला. मग हवेच्या नळीची चावी फिरवून काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. घोट्याशी सोळा. पोटरीशी सव्वीस. तिसऱ्यांदा तेच.

व्हायला हवं होतं बरोबर उलटं. हे मोजे साधे नव्हते. ज्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत, दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय भरून येतात, त्यांच्यासाठी ते विणले जात. घोट्याशी घट्ट आणि वर जावं तसतसे सैल, म्हणजे खाली साचलेलं रक्त वर ढकललं जातं. खोक्यावर चित्रही तसंच छापलेलं होतं: एक निळा पाय आणि त्यावर वर जाणारे बाण, खालचा जाड, वरचा बारीक. दाब उलटा पडला तर तो मोजा राहत नाही, पोटरीला करकचून आवळलेली दोरी होते, आणि खालचं सगळं खालीच तुंबतं.

तो लाकडी पाय, त्याच्या घोट्याशी आणि पोटरीशी बसवलेल्या हवेच्या दोन चपट्या पिशव्या आणि दाब दाखवणारी काट्याची घड्याळं, एवढा बाईंचा बावीस वर्षांचा संसार. काटाबाई हे नाव कारखान्यानेच दिलेलं. कोणी म्हणे, काट्यासमोर बसतात म्हणून. कोणी म्हणे, सलतात म्हणून. दोन्ही खरं होतं आणि बाईंना दोन्हींचं काही वाटत नसे.

शितावरून भाताची परीक्षा करायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी सहाही मशीनच्या गठ्ठ्यांतून दोन-दोन जोड काढले आणि बाराच्या बारा लाकडी पायावर चढवून पाहिले. आकडे थोडे मागेपुढे, पण तऱ्हा तीच. शेवटचा मोजा त्यांनी काढला तो मेलेल्या उंदराला शेपटीने धरावं तसा दोन बोटांत धरला आणि तसाच घेऊन जिना उतरून खाली विणकामाच्या दालनात गेल्या.

खाली उस्ताद होते. उस्ताद म्हणजे फिटर. बाई लागल्या त्याच वर्षी तेही लागले. मशीनच्या पोटात हात घालून, मान दुसरीकडे वळवून, ऐकत ऐकत दुरुस्ती करणारा माणूस. या मोज्यांचं मर्म बाईंना त्यांनीच समजावलं होतं. साधा धागा सुयांवर चढतो, त्याचे टाके होतात, टाक्यांचं कापड होतं. लास्टिक मात्र सुईवर चढत नाही. ते टाक्यांच्या मधून नुसतं आडवं घातलं जातं, फेऱ्यामागून फेरा. ‘घरजावई आहे तो,’ असं उस्ताद सांगत. ‘टाका म्हणून घालायचा नाही, नुसतं मधे लोळून राहायचं. पण घराला आकार त्याच्यामुळे.’ या घरजावयाला दर फेऱ्याला किती धागा सोडायचा यावर सगळा खेळ. घोट्यापाशी कमी सोडायचा, म्हणजे आवळतो. पाय जाड होत जाईल तसा जास्त सोडायचा. त्यासाठी मशीनला एक दांडा होता, तीन घरांचा. एक घर घोट्याचं, दुसरं मधलं, तिसरं पोटरीचं.

दीड वर्षापूर्वी मालकांची तब्येत ढासळली आणि त्यांचे जावई कारखाना बघायला आले. तेव्हापासून उस्तादांनी घरजावयाचा विनोद सांगणं बंद केलं होतं. बाकीचे लोक मात्र त्यांना पाठीमागे जावईबापूच म्हणत.

बाईंनी मोजा उस्तादांच्या समोर धरला. उस्तादांनी तो हातातही घेतला नाही. त्यांनी नुसतं जवळच्या मशीनकडे बोट केलं. दांडा पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या मधोमध आणून तारेने बांधून टाकला होता. बाई पुढच्या मशीनपाशी गेल्या. तिथेही तार. सहाही मशीनवर तार.

उस्तादांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की नवीन लास्टिक आलंय. स्वस्त आहे, वरचं वेष्टण विरळ आहे. दांडा एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्या झटक्याला तुटतं. तुटलं की मशीन थांबतं. मशीन थांबलं की जावईबापू खाली येतात. मग जावईबापूंनीच तोडगा काढला: झटकाच नको, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एकच माप. आता मशीन थांबत नाही.

‘आणि तुम्ही बांधलीत तार,’ बाई म्हणाल्या.

‘एकदा बोललो मी त्यांना.’

‘एकदा.’

उस्तादांनी खिशातलं फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

जावईबापूंची खोली काचेची होती. ते कधीही आवाज चढवत नसत आणि याचाच बाईंना जास्त राग येई. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, मोजा उलटसुलट करून पाहिला आणि विणकाम सुरेख आलंय म्हणून तारीफ केली. बाईंनी आकडे सांगितले. हा माल गुरुवारी इस्पितळात जायचाय, चारशे जोड, आणि तो कोणाच्याही पायात घालायच्या लायकीचा नाही, हे सांगितलं. जावईबापू मान हलवत ऐकत राहिले, जसं एखाद्या म्हाताऱ्या आत्याचं गाऱ्हाणं ऐकावं.

‘बाई, मोजा घट्ट लागतोय ना?’ ते म्हणाले. ‘मग झालं. घट्ट म्हणजे औषध, एवढंच लोकांना कळतं. निम्मे तर आठ दिवस घालून कपाटात टाकतात.’

‘लोकांना नाही कळलं तरी पायाला कळतं.’

जावईबापू हसले. बाईंना आपली आई आठवली. तिच्या डाव्या घोट्याच्या वर आधी नुसता काळपट डाग होता. मग तो ओला झाला. मग अडीच वर्षं ती जखम काही सुकली नाही. रोज सकाळी पट्टी सोडायची, धुवायची, नवी बांधायची, आणि दर वेळी आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, आज बरी वाटतेय गं. हे सगळं त्या काचेच्या खोलीत सांगायचं बाईंच्या ओठावर आलं होतं. पण समोरच्या माणसाने आत्ताच चहात साखर ढवळायला घेतली होती, आणि आईची जखम त्या चमच्याच्या किणकिणाटात मांडायला त्यांचं मन होईना.

जावईबापूंचं म्हणणं सरळ होतं. तपासणीच्या वहीत बाईंनी उद्या दुपारपर्यंत सही करावी. सही करायची नसेल तर चार दिवस रजा घ्यावी, खूप वर्षांत घेतली नाहीये. तोवर दुसरं कोणीतरी सही करेल. यात भांडण्यासारखं काही नव्हतं. कोणाचं काही अडत नव्हतं.

बाई चहा न पिता उठल्या.

जिना चढताना त्यांचे कान तापले होते. खोटी सही करायला धमकावलं असतं तर त्या समजू शकल्या असत्या. पण ‘दुसरं कोणीतरी सही करेल’, हे त्यांना गिळवेना. म्हणजे बावीस वर्षं त्या लाकडी पायासमोर वाकल्या ते कशासाठी? सहीसाठी एक हात हवा होता, एवढंच. काटा कुठे जातो याच्याशी कोणाला काय देणंघेणं.

त्या टेबलाशी आल्या. मग खण उघडून त्यांनी शिक्का काढला.

कारखान्याचा एक जुना नियम होता, मालकांच्या वडिलांच्या वेळचा, भिंतीवर चौकटीत लावलेला. तपासणीत उतरलेल्या मालाला खोकं. न उतरलेल्याला शिक्का. शिक्का गोल, त्यात मधोमध ‘दु’ हे अक्षर, दुय्यम या अर्थी, आणि खाली तपासणाऱ्याचा नंबर. बाईंचा सात. शाई जांभळी, धुवून न जाणारी. एकदा शिक्का बसला की तो मोजा खोक्यात जाऊ शकत नसे. तो जाई फाडायच्या यंत्रात आणि पुढे कुठल्यातरी उशीच्या पोटात.

त्यांनी पहिला जोड ओढला, वरच्या पट्टीवर शिक्का दाबला, दुसऱ्या मोज्यावर दाबला, बाजूला ठेवला. मग पुढचा. मग पुढचा. पॅकिंगच्या टेबलावरच्या दोघी आधी बोलायच्या थांबल्या, मग काम करायच्या थांबल्या. गुरुवारच्या मालाची निम्मी खोकी त्यांनी बंद करून ठेवली होती. बाई उठून त्या गठ्ठ्याकडे गेल्या तेव्हा दोघींतली मोठी पुढे झाली. तिने कातरीने पहिल्या खोक्याची चिकटपट्टी कापली आणि मोजे काढून बाईंच्या समोर सरकवले. मग धाकटीही आली. दुपारभर हे चाललं. चारशे बारा जोड. शेवटी शेवटी बाईंच्या तळहाताला फोड आला तेव्हा त्यांनी शिक्का डाव्या हातात घेतला.

पाचच्या सुमाराला जावईबापू वर आले. त्यांनी ढिगातला एक मोजा उचलला, अंगठ्याने शाई पुसून पाहिली.

‘हे कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘कोणी सांगायला लागत नाही. तपासणी माझी आहे.’

‘होती,’ जावईबापू म्हणाले, आणि मोजा नीट घडी करून परत ढिगावर ठेवला.

बाईंनी आपला डबा, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी घेतली. जिन्याच्या तोंडाशी उस्ताद उभे होते. आरडाओरडा झाला नव्हता तरी बातमी खाली पोचली होती. बाईंना वाटलं, हा माणूस आता तरी काही बोलेल. नाही बोलला, तरी निदान आपल्या बाजूने उभा राहील. उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसत खाली निघून गेले. जावईबापूंचा राग बाई रस्त्याला लागेपर्यंत टिकला. उस्तादांचा राग घरी आला, ताटावर बसला आणि पुढे कितीतरी दिवस हलला नाही.

नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी जेवून घे म्हणाला. नंतर, भांडी आवरून झाल्यावर, त्याने विचारलं, त्या मोज्यांचं पुढे काय होईल. फाडतील, बाईंनी सांगितलं. नियमच आहे. मग झालं तर, नवरा म्हणाला.

मग झालं तर, असं बाईंनीही ठरवलं. शेजारपाजारचे विचारत तेव्हा त्या शेवटी एक वाक्य हमखास बोलत: नोकरी गेली तर गेली, एकही जोड कोणाच्या पायात गेला नाही. हे म्हणताना त्यांची पाठ आपोआप ताठ होई. महिन्याभरात त्यांना कपडे लहानमोठे करून देणाऱ्या एका दुकानात काम मिळालं. विजारींच्या मोहऱ्या दुमडायच्या, कमरा सैल करायच्या. सगळ्या गावाच्या कमरा वाढतच होत्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

नव्या दुकानाच्या वाटेवर एक शाळा होती. शाळेसमोरच्या रस्त्यावर मुलांना पलीकडे नेणारी एक बाई उभी असे, हातात लाल झेंडा. मुलं तिला झेंडेबाई म्हणत. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, मधल्या वेळात शाळेच्या फाटकावर. जाड बांध्याची, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. झेंडा उंचावून उभी राहिली की मालमोटारीसुद्धा गुमान थांबत. तिची आणि बाईंची ओळख हसण्यापुरती होती.

त्या दिवशी बाई रस्ता ओलांडायला उभ्या होत्या आणि झेंडेबाई त्यांच्या पुढ्यात पाठमोरी उभी होती. गणवेशाचा झगा गुडघ्यापर्यंतच होता. त्याखाली, कातडीच्या रंगाच्या मोज्याच्या वरच्या पट्टीवर, जांभळा गोल होता. गोलात दु. खाली सात.

मुलं पलीकडे गेली. झेंडेबाई गेली आणि परत आली. बाई तिथेच उभ्या होत्या.

हे मोजे कुठून घेतले, असं बाईंनी विचारलं. झेंडेबाईला बोलायला आवडायचं. तिने सांगितलं, की बाजारात, भाजीच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण टोपलीत घेऊन बसतो. दुकानात असले मोजे आपल्याला परवडत नाहीत. त्याच्याकडे दोन तऱ्हा होत्या, बिनशिक्क्याचे आणि शिक्क्याचे. तिने शिक्क्याचे घेतले.

‘का?’

‘शिक्का म्हणजे तपासलेला माल. तो सांगत होता, दु म्हणजे दुहेरी. दुहेरी दाब. इस्पितळासाठी काढलेले होते म्हणे, त्यातले उरलेले.’

बाईंनी झेंडेबाईला शाळेच्या पायरीवर बसायला सांगितलं. सांगितलं म्हणजे जवळजवळ हुकूमच केला. आणि ज्या बाईपुढे मालमोटारी थांबत ती बाई निमूट येऊन बसली.

वाकून मोजा काढणं तिला एकटीला जमणारं नव्हतं, पोट आड येत होतं. रोज सकाळी मुलगी घालून देते आणि रात्री काढते, असं ती म्हणाली. हल्ली पाय जास्त दुखायला लागलेत म्हणून रात्रीही काढत नाही. दुखणं वाढतंय तर दाबही जास्त वेळ ठेवावा, असा तिने हिशेब केला होता.

काटाबाई पायरीखाली गुडघ्यांवर बसल्या. पट्टीखाली बोटं सारून त्यांनी मोजा खाली सोलायला सुरुवात केली. हजारो वेळा केलेलं काम, पण लाकूड कधी आवंढा गिळत नसे. पोटरीवर लालभडक वळ होता, करंगळी बसेल एवढा खोल. त्याखाली पाय भरून आलेला, घोटा कुठे सुरू होतो ते कळेना. आतल्या बाजूला, हाडाच्या चार बोटं वर, एक काळपट डाग होता.

बाईंनी डागावर हळूच बोट ठेवलं. ‘हा कधीपासूनचा?’

‘आत्ता आत्ताचा. महिना झाला असेल.’ झेंडेबाईने पायाची बोटं हलवली. ‘काढल्यावर किती हलकं वाटतं. तुम्ही नर्स आहात का?’

‘नाही. हा शिक्का मी मारलाय.’

मग त्यांनी सांगितलं. सगळंच सांगितलं, जसं शेजाऱ्यांना सांगत तसं: काटा, तार, काचेची खोली, चारशे बारा जोड, तळहाताचा फोड. दु म्हणजे दुय्यम. दुय्यम म्हणजे टाकाऊ. हे मोजे फाडले जायचे होते. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. फाटकावरचा पहारेकरी वळून बघू लागला. माणसांच्या पायांशी खेळतात हे लोक, त्या म्हणाल्या, आणि वर चहा पाजतात.

झेंडेबाई ऐकत होती. तिचा चेहरा लाल होत गेला. बाईंना वाटलं, आता ही जावईबापूंच्या नावाने बोटं मोडेल, आणि त्यांना ते हवंच होतं.

‘तुमच्या टेबलावर कातर नव्हती का?’ झेंडेबाईने विचारलं.

बाईंना आधी प्रश्नच कळला नाही.

‘कातर. तुम्हाला माहीत होतं ना, हे पायात घालायचे नाहीत? मग कापायचे होते. शिक्का कशाला मारत बसलात?’

ती ओरडून बोलली नव्हती. मुलांना बाजूला व्हायला सांगते तेवढ्याच आवाजात बोलली. कातर होती. त्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर होती. खोक्यांच्या चिकटपट्ट्या त्याच कातरीने कापल्या होत्या. दुपारभर तिचा कचकच आवाज त्यांच्या कानावर पडत होता. शिक्का मारायचा नियम होता म्हणून त्यांनी शिक्का मारला. भिंतीवर तसं लिहिलेलं होतं. मोजा कापणं कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी दुसऱ्या पायाचाही मोजा काढला. पिशवीत दुकानाची कातर होती, कामावरच निघाल्या होत्या. पायरीवरच त्यांनी दोन्ही मोजे वरच्या पट्टीपासून टाचेपर्यंत उभे कापले. लास्टिक कापताना कातर कचकन अडते, मग एकदम सुटते. तुकडे त्यांनी पिशवीत टाकले. झेंडेबाईने कापू दिलं.

मग बाईंनी गळ्यातली मापाची पट्टी काढली. घोटा मोजला, पोटरी मोजली, टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची मोजली. घोट्याचं माप सुजेचं होतं. ते त्यांनी अंगठ्याने दाबून, सूज सारून पुन्हा घेतलं. चार दिवस उशीवर पाय ठेवून झोपा आणि तो डाग उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा, असं बजावलं.

‘दाखवते,’ झेंडेबाई म्हणाली. ती आपल्या उघड्या पायांकडे बघत होती. ‘पण उद्या सकाळी सातला मी इथे उभी असणार. काय घालून उभी राहू ते सांगा.’

बाई कामावर गेल्या. दिवसभरात त्यांनी एका विजारीची एकच मोहरी दोनदा उसवली.

संध्याकाळी कारखाना सुटला तेव्हा त्या फाटकापाशी उभ्या होत्या. दोन महिन्यांत इकडे फिरकल्या नव्हत्या. पॅकिंगच्या दोघी बाहेर पडल्या, बाईंना बघून थबकल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तशाच पुढे गेल्या. उस्ताद शेवटी आले. दोन महिन्यांत ते वाळले होते.

शिक्का मारलेल्या मोज्यांच्या गोण्या फाडायला गेल्या नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं का, एवढंच बाईंनी विचारलं.

उस्तादांनी होकारार्थी मान हलवली. गोण्या रविवारी मागच्या दाराने गेल्या. इस्पितळाच्या मालासाठी मात्र जुनं, चांगलं लास्टिक परत मागवलं. एका मशीनवर तेच चालतं, दांडा मोकळा सोडून, तीन घरांनी. ‘तिथे त्यांच्याकडे काटा आहे ना,’ उस्ताद म्हणाले. ‘ते मोजून घेतात.’

‘आणि बाकीच्या पाच मशीनवर?’

‘तार.’

म्हणजे ज्यांच्याकडे मोजायला काटा आहे त्यांना मोजा, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना दोरी. बाईंच्या तोंडात दोन महिन्यांची शिवी तयार होती. उस्तादांनी ती ऐकायला मान खाली घालूनच ठेवली होती. पण सकाळपासून बाईंच्या कानात दुसराच आवाज घुमत होता, कातर नव्हती का, आणि त्या शिवीला बाहेर पडायला वाट मिळेना.

त्यांनी माप सांगितलं. घोटा, पोटरी, उंची. उस्तादांनी मान वर केली.

‘कोणाचं?’

‘दिवसभर उभी राहते. डाग पडलाय पायावर.’

उस्तादांनी माप पुन्हा सांगायला लावलं. ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. चांगल्या लास्टिकची रिळं रोज वजन करून देतात आणि वजन करून परत घेतात, असं ते हळू आवाजात म्हणाले. पकडलं गेलं तर नोकरी कोणाची जाणार, हे त्यांना आणि बाईंना दोघांनाही माहीत होतं. ‘आणि एका जोडाने काय होणार आहे?’ ते म्हणाले. ‘गोण्या होत्या त्या.’

‘तिला पाय दोनच आहेत,’ काटाबाई म्हणाल्या.

उस्तादांनी आपला डबा बाईंच्या हातात दिला आणि ते वळले. बाहेर पडणाऱ्या शेवटच्या दोघातिघांमधून वाट काढत ते आत गेले. पहारेकऱ्याने काहीतरी विचारलं. उस्तादांनी खिसा चाचपून काहीतरी विसरल्याची खूण केली.

विणकामाच्या दालनाच्या खिडक्या रस्त्याच्या अंगाला होत्या, उंचावर, तावदानं धुळीने भरलेली. बराच वेळ आत शांतता होती. मग एकच मशीन सुरू झालं. आधी पावलाशी भराभर, मग टाचेपाशी रखडत, मागेपुढे. मग ते सरळ लागलं. बाई ऐकत होत्या. आवाज एकदा किंचित बदलला, दांडा दुसऱ्या घरात गेला. थोड्या वेळाने पुन्हा बदलला. दोन्ही वेळा मशीन थांबलं नाही. वरच्या पट्टीचे फेरे संपले आणि आवाज बंद झाला.

एक झाला.

पहारेकऱ्याने फाटकाचं एक दार ओढून घेतलं, दुसरं तसंच ठेवलं, आणि बाईंकडे बघितलं. बाई डबा छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. आतून दुसऱ्या मोज्याचा आवाज अजून सुरू झाला नव्हता.